थोरला स्टेन स्तुरे आणि धाकटा स्टेन स्तुरे: नाव एक, घराणी दोन

स्वीडनच्या इतिहासात स्टेन स्तुरे दोन आहेत. दोघेही राजे नव्हते, पण राज्याचे कारभारी होते. दोघेही डेन्मार्कच्या राजांशी लढले. त्यामुळे 'थोरला-धाकटा' म्हटलं की वाचणाऱ्याला ते बापलेक वाटतात. प्रत्यक्षात त्यांची घराणी वेगळी.

खात्रीची खूण म्हणजे कुलचिन्हाची ढाल. थोरल्याच्या ढालीवर पाणकमळाची तीन पानं. धाकट्याची ढाल आडवी विभागलेली, वर सोनेरी, खाली निळी. या रंगांवरूनच त्या घराण्याला पुढे 'नट ओक दाग', म्हणजे 'रात्र आणि दिवस', हे नाव पडलं. जुन्या पत्रावरच्या मेणाच्या शिक्क्यात रंग नसतात, तिथे पानं आहेत की नुसती आडवी रेघ, एवढंच बघायचं. शिक्का नसेल तर बापाचं नाव शोधा: थोरला गुस्ताव्सन, धाकटा स्वान्तेसन.

मग आडनाव एक कसं? थोरल्याने १४७१ मध्ये स्टॉकहोमजवळ ब्रुन्केबेर्गला डेन्मार्कच्या पहिल्या क्रिस्तियानला हरवलं आणि 'स्तुरे' नावाला वजन आलं. डिसेंबर १५०३ मध्ये तो वारला, तेव्हा ती बातमी दडवून ठेवली गेली. तेवढ्या अवधीत स्वान्ते निल्सनने कारभार हाती घेतला. १५१२ मध्ये स्वान्तेच्या जागी त्याचा मुलगा स्टेन आला. त्याची पणजी माहेरची स्तुरे. तिचं आडनाव त्याने उचललं ते राजकारणासाठी, हे लक्षात ठेवलं की सगळा गोंधळ मिटतो.

धाकट्याचा शेवट वाईट झाला. जानेवारी १५२० मध्ये ओसुन्देन सरोवराच्या बर्फावर डेन्मार्कच्या सैन्याशी लढताना तो जखमी झाला आणि ३ फेब्रुवारीला स्टॉकहोमच्या वाटेतच गेला. पत्नी क्रिस्तीना गिलेन्शेर्नाने त्यानंतरही स्टॉकहोम लढवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोममध्ये झालेल्या कत्तलीत डेन्मार्कचा राजा दुसऱ्या क्रिस्तियानने स्टेनचं प्रेत उकरून जाळलं.

थोरल्याचा वंश पुढे चालला नाही. म्हणून १५६७ मध्ये उप्सालात स्वीडनचा राजा चौदाव्या एरिकने मारवलेले स्तुरे धाकट्याचेच: मुलगा स्वान्ते आणि नातू निल्स व एरिक. स्वान्तेची विधवा मेर्ता हिने तिघांचे त्या दिवशीचे कपडे जपून ठेवले. शस्त्रांनी फाटलेले ते कपडे आज उप्साला कॅथेड्रलच्या संग्रहात आहेत.