कालाहारीतल्या सॅन लोकांची जमीन: वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये बोत्सवानाच्या मध्य कालाहारी अभयारण्यात एका सॅन वृद्धाचे दफन झाले. मृत्यू डिसेंबर २०२१ मधला. मधली जवळपास तीन वर्षे मृतदेह शवागारात होता, कारण कुटुंबाला तो वाडवडिलांच्या जमिनीत पुरायचा होता आणि सरकारची त्याला परवानगी नव्हती. न्यायालयांनीही कुटुंबाची मागणी फेटाळली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तांतर झाले, दुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले आणि परवानगी मिळाली. बोको हे पेशाने वकील, आणि सॅन लोकांच्या जमिनीच्या गाजलेल्या खटल्यात त्यांच्याच बाजूने काम केलेले.

ज्या वाळवंटात हे लोक हजारो वर्षे राहत आले, तिथे माणूस पुरायलाही परवाना लागावा, हे कसे झाले? आफ्रिकेतल्या मूलनिवासींबद्दल लिहिताना बहुतेक वेळा नाच, मण्यांच्या माळा आणि धनुष्यबाण यांवरच सगळे भागवले जाते. या प्रकरणाचे मूळ मात्र जमिनीच्या नोंदीत आहे, आणि ती नोंद ब्रिटिशांच्या काळात झाली.

आधी हे लोक कोण, ते पाहू. 'सॅन' म्हणून ओळखला जाणारा समाज एक नाही. बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, अंगोला, झांबिया आणि झिंबाब्वे इतक्या देशांत तो विखुरलेला आहे. बोत्सवानात त्यांना बासार्वा म्हणतात, इंग्रजीत बुशमन. ही सगळी नावे इतरांनी दिलेली. ते स्वतःला जुहोआन्सी, नारो, गुई, गाना, ख्वे, हायओम, खोमानी अशा नावांनी ओळखतात. त्यांच्या भाषांत जीभ टाळूवरून किंवा दातांवरून झटक्याने सोडून काढलेले 'टक्' असे ध्वनी असतात, म्हणून बाहेरच्यांना त्या सगळ्या सारख्याच वाटतात. भाषाशास्त्रज्ञ पूर्वी त्यांना एकाच 'खोइसान' कुळात टाकत, आता निदान तीन वेगळी कुळे मानतात. एका सॅन गटाचे बोलणे दुसऱ्याला अजिबात कळू नये, इतके अंतर त्यांच्यात असू शकते. त्यांतल्या ताआ भाषेत शंभराहून अधिक व्यंजने आहेत. जगातल्या अत्यंत गुंतागुंतीच्या ध्वनिव्यवस्थांमध्ये ती मोडते.

आनुवंशिकीच्या अभ्यासांनुसार आजच्या मानवसमूहांपैकी सर्वांत आधी वेगळ्या झालेल्या शाखांपैकी एक सॅन लोकांची आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून गुरे पाळणारे आणि शेती करणारे समाज आफ्रिकेच्या या दक्षिणेकडच्या टापूत उतरले. पुढे काही ठिकाणी लग्नसंबंध झाले, काही ठिकाणी देवाणघेवाण झाली, काही ठिकाणी सॅन लोक मालकांच्या गुरांमागे राबू लागले. १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला डच आले. अठराव्या शतकात त्यांच्या वसाहतवाल्यांनी घोडेस्वारांच्या सशस्त्र तुकड्या काढून सॅन वस्त्यांवर हल्ले केले, पुरुष मारले आणि मुले शेतावर कामाला नेली. केपमधले झाम सॅन त्यात जवळजवळ संपले. १८७० च्या दशकात केप टाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि लुसी लॉइड या भाषा-अभ्यासकांनी झाम कैद्यांकडून ऐकून त्यांच्या कथा आणि आठवणी टिपून घेतल्या. ती बारा हजारांच्या आसपास पाने आज झाम भाषेचा मुख्य आधार आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या राजमुद्रेवरचे ब्रीदवाक्य झाम भाषेत आहे, पण ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारे कोणी उरलेले नाही. राजमुद्रेवर मान मिळाला, पण ज्यांची भाषा होती त्यांना वाचवले गेले नाही, हे मला विसरता येत नाही.

कालाहारीत पाणी कमी, म्हणून गोऱ्यांना तिथे फारसा रस नव्हता. तिथले सॅन टिकले ते त्यामुळे. वर्षातले कितीतरी महिने तिथे जमिनीवर पाणीच नसते. त्सामा नावाची रानटी कलिंगडे आणि जमिनीखालचे रसाळ कंद यांवर माणूस तगतो. शिकारीचे बाण हलके असतात, त्यांनी जनावर जागीच पडत नाही. काम विष करते. विशिष्ट झुडपांच्या मुळांशी माती उकरून एका भुंग्याच्या अळ्या काढतात आणि त्यांचा रस बाणाच्या टोकाच्या मागच्या दांडीला लावतात. टोकाला लावत नाहीत, कारण चुकून हाताला ओरखडा गेला तर शिकारीच मरेल. जखमी जनावराचा माग कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त काढावा लागतो. आणि जुहोआन्सींमध्ये शिकारीचे वाटप करण्याचा हक्क ज्याने बाण मारला त्याचा नसतो, ज्याच्या मालकीचा बाण होता त्याचा असतो. बाण उसने देण्याघेण्याची पद्धत असल्याने मांस वाटण्याचा मान म्हाताऱ्या माणसाकडे किंवा एखाद्या बाईकडेही जातो.

जमिनीच्या बाबतीतही असेच बारकावे आहेत. जुहोआन्सींच्या प्रत्येक गटाचा आपला प्रदेश असतो, त्याला ते 'नोरे' म्हणतात. कोणते पाणी, कोणती झाडे, कोणते कंद कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. हक्क आईकडून किंवा वडिलांकडून येतो. पाहुण्यांनी आधी विचारायचे असते, आणि विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत. म्हणजे ज्यांना 'भटके' म्हणून बाजूला सारले, त्यांच्याकडे मालकीची व्यवस्था होती. कुंपण नव्हते, गोठा नव्हता, कागद नव्हता, म्हणून ती कोणाला दिसली नाही.

१८८५ मध्ये ब्रिटनने बेचुआनालँड, म्हणजे आजचा बोत्सवाना, हे संरक्षित राज्य जाहीर केले, आणि १८९९ पासून तिथे जमातींच्या राखीव भूमी आखायला सुरुवात झाली. तिथल्या बहुसंख्य त्स्वाना जमातींना प्रमुख होते, गावे होती, गुरे होती. प्रमुखाशी बोलणी करता येत, कर वसूल करता येत. त्यामुळे जमिनी त्यांच्या नावे लागल्या. काही भाग गोऱ्या शेतकऱ्यांना गेला, गांझीची कुरणे त्यांतलीच. उरलेली सगळी जमीन ब्रिटिश राजसत्तेची ठरली. सॅन या तिन्ही प्रकारच्या जमिनींवर राहत होते आणि एकाही ठिकाणी त्यांचे नाव नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव कधी चढलेच नाही, हे ज्या घरात घडले आहे त्या घरातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्स्वाना प्रदेशात कित्येक सॅन कुटुंबे वेठबिगार झाली होती. त्यांना पगार नव्हता, मालक बदलण्याची मुभा नव्हती आणि त्यांची मुलेही मालकाचीच समजली जात. बामांग्वाटो या त्स्वाना जमातीच्या प्रदेशातल्या या प्रकाराची ब्रिटिशांनी १९३१ मध्ये चौकशी केली. पुढे हळूहळू ही पद्धत मागे पडली, पण 'बासार्वा म्हणजे दुसऱ्याच्या गुरांमागचा माणूस' ही समजूत टिकून राहिली.

१९५८ मध्ये वसाहत प्रशासनाने जॉर्ज सिल्बरबाउअर या अधिकाऱ्याला सॅन लोकांची पाहणी करायला नेमले. मध्य कालाहारीतल्या गुई आणि गाना लोकांचे पाणी आणि शिकार वाचवायची असेल तर तो प्रदेश कुंपणवाल्या पशुपालकांपासून सुरक्षित ठेवला पाहिजे, असे त्याचे मत झाले. १९६१ मध्ये सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटरचे मध्य कालाहारी अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास सहावा भाग. पण माणसांसाठी प्रदेश राखून ठेवण्याची सोय कायद्यात नव्हती. सोय होती ती प्राण्यांच्या अभयारण्याची. सिल्बरबाउअरने हाताशी असलेली कायद्याची चौकट वापरली. हेतू माणसांच्या रक्षणाचा होता, कागदावर मात्र वन्यजीव आले. पुढच्या सगळ्या भांडणाची मुळे मला या एका फाइलीत दिसतात.

१९६६ मध्ये बोत्सवाना स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी वंशभेदाच्या दक्षिण आफ्रिकेशेजारी एक लोकशाही देश उभा केला आणि हिऱ्यांचा पैसा शाळा, रस्ते, दवाखाने यांत घातला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. वर्णभेदाचे राज्य शेजारीच असल्यामुळे नागरिकांचे वांशिक गट मोजणे या देशाला नकोसे होते, तेही समजण्यासारखे आहे. पण 'आपण सगळे एकच' म्हणताना ते 'एक' त्स्वाना साच्याचे निघाले. राज्यघटनेच्या ७७ ते ७९ या कलमांतून आठ त्स्वाना जमातींच्या प्रमुखांना प्रमुखांच्या सभागृहात कायमच्या जागा मिळाल्या. बाकीच्यांना हे स्थान नव्हते, आणि सॅन तर त्या बाकीच्यांतही शेवटी. टीका झाली, आयोग बसला आणि २००५ मध्ये कलमे बदलली, तरी जुना उतरंडीचा क्रम पूर्ण मोडला नाही. सॅन लोकांसाठीची विकास योजना १९७४ मध्ये सुरू झाली, ती काही वर्षांतच 'दुर्गम भागातील रहिवाशां'ची झाली. १९७५ च्या चराई धोरणाने 'रिकामी' जमीन मोठ्या पशुपालकांना भाड्याने मिळू लागली. त्या रिकाम्या जमिनीवर सॅन वस्त्या होत्या.

मध्य कालाहारीत तोवर सरकारने स्वतःच एक कूपनलिका, शाळा आणि दवाखाना दिला होता. त्याभोवती वस्ती वाढली, थोडी गुरे, घोडे आणि गाढवे आली. मग सरकारला हे लोक वन्यजीवांना धोका वाटू लागले. १९८६ मध्ये त्यांना बाहेर हलवण्याचे धोरण ठरले. १९९७ मध्ये हजाराहून अधिक लोकांना न्यू कादे आणि काउद्वाने या बाहेरच्या वसाहतींत नेले गेले. जे मागे राहिले त्यांच्या सेवा जानेवारी २००२ अखेर बंद झाल्या, आतल्या मोथोमेलो या वस्तीच्या कूपनलिकेचा पंप आणि टाकीही काढून नेली गेली. नव्या वसाहतींत शाळा, दवाखाना आणि नळ होते. काम नव्हते, शिकार नव्हती आणि दारू भरपूर होती.

१९८० च्या दशकात अभयारण्यातच गोपे येथे हिरे सापडले होते, त्यामुळे 'हिऱ्यांसाठी हाकलले' असा आरोप जगभर गाजला. सरकारने तो कायम नाकारला. तिथे पुढे २०१४ मध्ये खाण सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंदही पडली. हिऱ्यांच्या गोष्टीने लोकांचे लक्ष वेधले, पण माझ्या मते तिने मूळ मुद्दा झाकूनही टाकला. हिरा निघाला नसता तरी ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना उठवणे तितकेच सोपे होते.

मग खटला उभा राहिला. 'फर्स्ट पीपल ऑफ द कालाहारी' ही संघटना आणि तिचे नेते रॉय सेसाना पुढे आले. देशातला तोवरचा सर्वांत लांबलेला आणि खर्चिक खटला तो हाच. १३ डिसेंबर २००६ रोजी तीन न्यायमूर्तींनी आपापली निकालपत्रे वाचली. २००२ पूर्वी अर्जदार त्या जमिनीवर कायदेशीर ताब्यात होते, यावर तिघांचे एकमत झाले. त्यांना संमतीशिवाय बेकायदा बाहेर काढले गेले, हे युनिटी डाउ आणि म्पाफी फुमाफी यांनी मान्य केले. मारुपिंग डिबोटेलो यांचे मत वेगळे पडले. शिकारीचे परवाने नाकारणेही बेकायदा ठरले. पण सेवा बंद करण्यात गैर काही नाही, सरकारने त्या पुन्हा द्यायला हव्यात असे नाही, असेही बहुमताने ठरले, तिथे डाउ एकट्या पडल्या. परत जाण्याचा हक्क मिळाला, पण पाण्याविना.

योगायोगाने त्याच महिन्यात आपल्याकडे वनहक्क कायदा संसदेत मंजूर होत होता. संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावरही तेव्हाच ओढाताण चालू होती. आफ्रिकी देशांनी त्याचे मतदान लांबवले. आफ्रिकेतले सगळेच काळे लोक मूलनिवासी, मग एकाला वेगळा हक्क का, असा त्यांचा प्रश्न होता. भारताचीही भूमिका याच धाटणीची राहिली आहे. आफ्रिकी मानवी हक्क आयोगाने याला उत्तर दिले होते: कोण आधी आले हा आफ्रिकेतला कळीचा मुद्दा नाही. कोणाची जगण्याची रीत आणि जमिनीशी असलेले नाते राज्यव्यवस्थेने बाजूला टाकले, ते पाहायचे. १३ सप्टेंबर २००७ रोजी जाहीरनामा मंजूर झाला, बोत्सवानाने बाजूने मत दिले. पुढे याच विचारावर केनियातल्या बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस पशुपालकांना २०१० मध्ये आणि माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांना २०१७ मध्ये अनुकूल निर्णय मिळाले. निर्णयांची अंमलबजावणी दोन्हीकडे रखडली. नामिबियात हायओम लोकांना १९५४ मध्ये एतोशातून काढले होते, तेही अभयारण्याच्याच नावाखाली.

मध्य कालाहारीत परतलेल्या लोकांनी मोथोमेलोची कूपनलिका स्वतःच्या खर्चाने सुरू करू द्या, एवढीच विनंती केली. त्याच अभयारण्यात पर्यटकांच्या निवासात पोहायचा तलाव होता. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने विनंती फेटाळली. २७ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, रहिवाशांचा पाण्याचा हक्क मान्य केला आणि त्यांना मिळालेली वागणूक मानहानीकारक असल्याचे नोंदवले. २०१४ मध्ये देशभर शिकारबंदी आली, तेव्हा पोटासाठी शिकार करणारेही त्यात सापडले. ती बंदी २०१९ मध्ये उठली.

२००६ च्या निकालातही एक फट राहिली होती. सरकारने अर्थ लावला की निकाल खटल्यात नावे असलेल्या १८९ अर्जदारांपुरताच आहे. बाकीच्यांनी आत जायचे तर परवाना काढायचा. अर्जदारांची मुले सज्ञान झाली की त्यांनाही तोच नियम, मग आईबाप आत राहत असले तरी. निकालानंतर जन्मलेली पहिली मुले आता अठरा ओलांडत आहेत. नव्या सरकारने दफनाला परवानगी दिली. पण कोणाला परवान्याशिवाय आत राहता येईल याचे उत्तर कायद्यात लिहिले गेले पाहिजे, राष्ट्राध्यक्षांच्या सद्भावनेवर ते सोडून चालणार नाही. वंशपरंपरेने हक्क कोणाकडे जातो हे गुई आणि गाना कुटुंबांना सांगावे लागत नाही, आणि त्यांचे म्हणणे त्यात नोंदवून घेणे ही त्याची पहिली पायरी आहे.