मांजर, वृद्ध व आजारी : आहार व शुश्रूषा (सोलापूर)

पाळीव मांजर साधारणतः दहा-अकरा वर्षांपुढे वयस्क धरले जाते. काही वर्गीकरणांत पंधरा वर्षांपुढची अतिवृद्ध अशी वेगळी अवस्था मानतात. सोलापूर व परिसरात घरच्या मांजराला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घालतात. तरणे मांजर उंदीर मारून उरलेली गरज भागवते. दात पडले, सांधे आखडले की हा मार्ग बंद होतो आणि भाकरीचे उणेपण उघडे पडते. मांजराच्या शरीरात टॉरीन हे अमिनो आम्ल पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच यावे लागते. त्याच्या अभावी दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो हे १९७५ च्या सुमारास, तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ मध्ये दाखविले गेले. दुधातील शर्कराही बहुतेक प्रौढ मांजरांना नीट पचत नाही.

म्हातारपणी सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार येतो. मूत्रपिंडाचे सुमारे तीन-चतुर्थांश कार्य गमावेपर्यंत रक्तातील क्रिॲटिनीन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य) सहसा वाढत नाही. त्याआधीच लघवी पातळ होऊन तहान वाढते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील असल्याने त्याची लघवी अतिशय घट्ट असते; या ताणामुळे मूत्रपिंडे लवकर झिजतात असे काहींचे मत आहे, मात्र ते अनुमानच म्हणावे लागेल. आहाराविषयीचा वाद अधिक महत्त्वाचा. प्रथिने कमी करावीत हे जुने मत. परंतु बाराएक वर्षांनंतर अनेक मांजरांची प्रथिने व स्निग्धांश पचविण्याची शक्ती घटते आणि स्नायू झडू लागतात. त्यामुळे आधी फॉस्फरस आवरावा, प्रथिनांना सरसकट कात्री लावू नये, हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तयार औषधी खाद्य न मिळाल्यास बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस देता येते. पण त्यात कॅल्शियम नगण्य असते, म्हणून ते कायमचे अन्न नव्हे. कलेजी रोज घातल्यास अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जखडतात.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, सावलीत ठेवावीत. खाद्य पाणी घालून पातळ करावे. कोमट केल्यास वास सुटतो आणि नाक मंदावलेले मांजर तोंड लावते. शेंगाचटणी किंवा आमटी लागलेले उष्टे देऊ नये. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

मांजराने दोन दिवस अन्न टाकले तर थांबून पाहू नये. विशेषतः लठ्ठ मांजरात यकृतात चरबी साचते. पशुवैद्याने शिकविल्यावर कातडीखाली सलाईन देणे काही घरांतही साधते. तापावर माणसांची पॅरासिटामॉल गोळी देऊ नये. अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.