अजिंठा-वेरूळ एका दिवसात होत नाही

‘अजिंठा आणि वेरूळ शेजारी-शेजारीच आहेत, एका दिवसात दोन्ही होतात’ असं वर्षानुवर्षं फिरणाऱ्या मेसेजमध्ये असतं. दोन्ही नावं आपण एका दमात घेतो, त्यामुळे हा समज होणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा जवळपास १०० किलोमीटर दूर आहे. नकाशावर दोन्हींमधलं अंतर स्वतः मोजून बघा. फक्त शोधताना ‘अजिंठा लेणी’ असं लिहा. नुसतं ‘अजिंठा’ टाकलं तर गाव येतं, आणि लेणी त्याच्याही पुढे घाट उतरून आहेत. शिवाय गाडी फर्दापूर तिठ्यावर ठेवून शेवटचे ४ किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. रांगेचा वेळ धरायचा राहतो तो इथेच.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून बुधवार-गुरुवार उत्तम.

अजिंठ्यात घाई करूच नये. पहिल्या लेण्यात उजेड मंद असतो. दोन-तीन मिनिटं शांत उभं राहिलं की डोळे सरावतात आणि भिंतीवरच्या चित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ हळूहळू दिसू लागतं. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे तिथलं कैलास मंदिर दुपारनंतर बघावं.