जिन्यावरची वीस मिनिटं

आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरी पोळ्या करणाऱ्या एकच मावशी आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर आटपलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बँकेतून येईपर्यंत त्यांना रोज वीसेक मिनिटं मोकळी मिळायची. ती त्या जिन्यातल्या खिडकीपाशी बसून काढायच्या. चपला बाजूला, पाय लांब केलेले, पदराचं पीठ झटकत काहीतरी गुणगुणत. मला वाटायचं दमल्यात म्हणून टेकल्यात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चाल बसवतीय ताई, मंगळवारच्या भजनाला." अभंग तुकोबांचा, चाल मावशींची. मी म्हणलं सुचते कधी हो, तर म्हणे, "पोळ्या लाटताना. हात चालू असतो, डोकं मोकळं असतं. मग हितं बसलं की ती नीट बसती."

मावशींनी जे सांगितलं ना, त्यावर मानसशास्त्रात ढीगभर प्रयोग झालेत. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी अशा ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रश्न साधा होता, अडलेलं कोडं थोडा वेळ बाजूला ठेवलं तर नंतर जास्त सुटतं का? सुटतं. आणि शब्दांच्या कोड्यांमध्ये तर असं दिसलं की मधल्या वेळात नुसतं पडून राहण्यापेक्षा किंवा दुसरं अवघड काम करण्यापेक्षा एखादं हलकं, डोक्याला ताण न देणारं काम केलं की फायदा जास्त. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, टेकडीवर चालणं, हे सगळं मला तरी त्याच जातीतलं वाटतं.

आता हे होतं कसं? आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसलेलो असताना सुद्धा शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के तोच खातो. गंमत म्हणजे एखादं अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च फारसा वाढत नाही, वाढ ५ टक्क्यांच्या आतच राहते. म्हणजे "रिकामा" मेंदू रिकामा नसतोच, आतली भट्टी चालूच असते. अमेरिकेतले मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी मेंदूचे स्कॅन बघत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माणसाला काम दिलं की मेंदूचे काही भाग उलटे शांत होतात आणि काम थांबलं की परत जागे होतात. २००१ मध्ये त्यांनी याला मेंदूची डिफॉल्ट मोड म्हणलं. जुन्या आठवणी उकरणं, उद्याचे बेत, समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज, हे सगळं करताना हेच भाग कामाला लागतात. आणि समाज म्हणून एकत्र राहायचं तर अजून काय लागतं हो?

म्हणून मला रिकामटेकडा हा शब्द शिवीसारखा वापरलेला आवडत नाही. मराठीत सवड आहे, फुरसत आहे, उसंत आहे, विरंगुळा आहे, आणि यातली सवड मिळते कमी, बहुतेक वेळा ती काढावी लागते. ग्रीक भाषेत फुरसतीला स्कोले म्हणायचे, आणि आपण रोज म्हणतो तो स्कूल शब्द त्यातूनच आलाय.

मध्यंतरी आठवड्याला ७० तास काम करा असं बरंच ऐकायला मिळालं, देश पुढे न्यायचा असेल तर. या ७० तासांचा हिशोब खरं तर शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून करता येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत, बऱ्याचशा बायकाच, तासन् तास राबत होत्या आणि कोणी किती तास काम केलं, किती माल निघाला याची नोंद ठेवली गेली होती. जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने अलीकडे ती आकडेवारी परत तपासली तर दिसलं की ५० तासांच्या आसपासपर्यंत तास वाढले की माल वाढतो, पुढे वाढीचा वेग घसरत जातो आणि ७० तासवाल्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त भरतच नाही. मधले १४ तास म्हणजे नुसती झीज. ज्या आठवड्यात रविवारची सुट्टी नव्हती त्या आठवड्याचा सुद्धा फटका बसलेला दिसतो. आणि झीज म्हणजे खरोखरची झीज, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचं म्हटलंय.

रविवारचं म्हणाल तर तो आपल्याला आपसूक मिळालेला नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून मागणी लावून धरली, आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या. अर्धा तास! १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. पुढे त्याच गिरणगावात भजनी मंडळं, कबड्डीचे संघ, शाहिरी कलापथकं, कामगार रंगभूमी असं सगळं फुललं. फक्त सुट्टीमुळे फुललं असं मी म्हणणार नाही, पण नाटकाची तालीम करायची तर दहा माणसं एका वेळी मोकळी असायला लागतात आणि हे कुठल्याही सरकारी योजनेतून होत नाही.

आपल्या पुण्याचं बघा. वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, ती चालते कशावर, तर लोकांच्या मोकळ्या संध्याकाळींवर. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजची पोरं पावसाळ्यात रात्र रात्र जागून एकांकिका बसवतात. आणि हे नुसतं हौसेचं नाही, पैशाचंही आहे. रविवारी संध्याकाळी बालगंधर्वला जाऊन बघा, एका प्रयोगामागे रंगभूषा करणारा, लाइटवाला, सेट उभा करणारी पोरं, तिकीट खिडकी, कॅन्टीनचे बटाटेवडे, बाहेर थांबलेले रिक्षावाले, इतकी घरं त्या तीन तासांच्या फुरसतीवर चालतात. हेन्री फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा त्याचाही हिशोब हाच होता, माणसाला सवड असेल तरच तो गाडी विकत घेईल ना.

बॅडमिंटनची तर सुरुवातीची नियमावलीच पुण्यात झाली, १८७० च्या दशकात, इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये, आणि खेळाला तेव्हा पूना असंच नाव होतं. १९९२ ला तो ऑलिंपिकमध्ये अधिकृत खेळ झाला. मला याचं कौतुक आहेच, पण साहेब दुपारी शटल मारत होते तेव्हा त्यांचं पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे, घोडे बघणारे वेगळेच होते. एकाची सवड बऱ्याचदा दुसऱ्याच्या घामावर उभी असते, हे सोडून फुरसतीबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही.

आणि आजही तेच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं, रोज. एवढ्यात बालगंधर्वचा अख्खा प्रयोग बघून रिक्षाने घरी येता येईल. आपण म्हणतो बायका नाटक लिहीत नाहीत, बायका कट्ट्यावर दिसत नाहीत, अहो वेळ कुठून आणणार? त्यात हिंजवडीला जाणारी मुलगी असेल तर ट्रॅफिकमध्ये जाऊन येऊन दोन-तीन तास गेले, आल्यावर कुकर लावायचा. बसमध्ये मोबाइलवर रील बघितल्या ती विश्रांती का, तर माझ्या मते नाही, कारण तिथे लक्ष सतत कोणीतरी ओढत असतं, मन भटकायला मोकळं सुटतच नाही. त्यापेक्षा वेताळ टेकडीवर, तळजाईवर अर्धा तास चाललेलं खूप बरं. टेकड्या वाचवा म्हणून लोक भांडतात तेव्हा झाडं आणि पाणी याबरोबर हेही मोजायला हवं असं मला फार वाटतं, फुकटात सवड काढता येईल अशा जागा या शहरात राहिल्यात किती?

दिवाळीनंतर मावशींनी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये चौथं घर धरलं. मुलाची फी वाढली, पर्याय नव्हता. आता त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरतात, तिकडच्या पोळ्या करून धावत परत तिसऱ्या मजल्यावर येतात. जिन्यातली खिडकी मोकळीच असते. परवा भेटल्या तेव्हा मी विचारलं, भजनाला नवीन चाल कुठली? पायात चपला तशाच, एक पाय पुढच्या पायरीवर. म्हणाल्या, "जुन्याच म्हणतोय ताई सध्या."