जेपेग की पीएनजी? कावीची रेघ आणि जत्रेचा फोटो

आपलं पुस्तक आपणच ई-बुक म्हणून काढायचं ठरवलं की मजकूर तयार होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. अडतं ते चित्रांपाशी. एका फाइलच्या शेवटी जेपीजी (म्हणजेच जेपेग) असतं, दुसरीच्या पीएनजी, आणि उघडून पाहावं तर दोन्हींत शांतादुर्गेचं तेच देऊळ. एक जाणकार सांगतो, ‘पीएनजीच घाला, क्लिअर येतं.’ दुसरा म्हणतो, ‘जेपेग करा, हलकं होतं.’ दोघंही खरंच बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या चित्रांविषयी.

जेपेग फोटोंसाठीच जन्मलं. १९९२ साली ठरलेलं हे मानक आपल्या डोळ्यांची एक उणीव हेरून चालतं: उजेड-अंधारातला फरक आपल्याला बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेडाची माहिती जवळजवळ पूर्ण ठेवली जाते, रंगाची मात्र बहुतेक वेळा निम्म्या लांबी-रुंदीवर आणली जाते. मग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीकसारीक तपशील गाळला जातो. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, मागे पावसाळी आभाळ, अशा फोटोत काय गाळलं हे सांगूनही सापडणार नाही. तिथे एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरत गेलेला असतो.

पीएनजी काहीच गाळत नाही. आधी रेघांच्या आणि सपाट रंगांच्या चित्रांचं काम जीआयएफ या जुन्या प्रकारावर चाले. त्यामागच्या पद्धतीचं पेटंट होतं, त्याच्या वापराचे पैसे मागितले जाऊ लागले, तेव्हा काही मंडळींनी मिळून हा मोकळा पर्याय तयार केला. १९९६ मध्ये तो पक्का झाला. एकसारख्या पिक्सेलची रांग दिसली की पीएनजी तिची थोडक्यात नोंद करतं, आणि फाइल उघडताना ती रांग जशीच्या तशी परत मांडतं. सपाट रंगाचं चित्र त्यात अगदी लहान होऊन बसतं. फोटोत मात्र शेजारचे दोन पिक्सेलसुद्धा सहसा तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे थोडक्यात नोंदण्यासारखं काही उरत नाही आणि फाइल फुगते.

१६०० बाय १२०० पिक्सेलचा जत्रेचा फोटो घ्या. बऱ्यापैकी दर्जाच्या जेपेगमध्ये तो साधारण चारशे केबीत मावतो. तोच पीएनजीत तीन एमबीच्या पुढे सहज जातो, आणि शेजारी शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. असे वीस फोटो म्हणजे एकीकडे ८ एमबी, दुसरीकडे ६०. हा हिशेब थेट खिशाला लागतो. ॲमेझॉनच्या केडीपीवर (आपलं पुस्तक आपणच विकायला ठेवण्याची सोय) ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर भारतातल्या विक्रीवर प्रत्येक प्रतीमागे, दर एमबीला ७ रुपये डिलिव्हरी खर्च कापला जातो. ८ एमबीचे ५६ रुपये, ६० एमबीचे ४२०. केडीपी रूपांतर करताना फाइल स्वतःही दाबतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा खाली येऊ शकतो. पण ते कसं दाबायचं हे आपल्या हातात नसतं. ३५ टक्क्यांच्या पर्यायात हा खर्च नाही. तिथेही साठ एमबीचं पुस्तक उतरवून घेताना वाचकाला ताटकळत बसावं लागतंच.

इतकं वाचून ‘मग सगळं जेपेगच करू’ असं वाटेल. तिथे कावी आडवी येते.

गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं अजून आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडून नक्षी उठते. सगळा खेळ दोन रंगांचा आणि त्यांच्यामधल्या काठाचा. गावच्या दैवतांवर पुस्तक लिहिणारे कुणीतरी अशी एखादी वेल कागदावर छापून घेतात, संगणकावर तांबड्या रेघेत आखतात आणि हौसेने जेपेग करून पुस्तकात घालतात. पडदा मोठा करून पाहा. बारीक रेघेतला तांबडा विटलेला, तपकिरीकडे झुकलेला असतो आणि तिच्या अंगालगतचा पांढरा किंचित गुलाबी. कारण वर सांगितलं तेच: रंगाची माहिती कमी झाली, म्हणून एका पिक्सेलच्या रेघेचा रंग शेजाऱ्यांत वाटला गेला. शिवाय रेघेभोवती फिकट ठिपक्यांची धूळ बसते. ८×८ चा चौकोन जिथे अर्धा पांढरा आणि अर्धा तांबडा आहे, तिथे तो कडक काठ जेपेगला पेलत नाही.

हीच वेल पीएनजीत ठेवा. रेघ जिथे संपते तिथेच संपते. त्यातही रंग मर्यादित करून सेव्ह केलं, म्हणजे लाखो छटांऐवजी सोळा किंवा बत्तीस, तर डोळ्याला फरक कळत नाही आणि फाइल बहुधा जेपेगहूनही लहान होते. काळ्या-पांढऱ्या किंडल वाचकयंत्रावर हा तांबडा करडाच दिसणार, पण तेच पुस्तक फोनवर उघडणारेही असतात.

आता उलट बाजू. त्याच भिंतीचा फोटो असेल, पोपडे सुटलेले, कोपऱ्यात शेवाळ, अर्ध्या वेलीवर उन्हाची तिरीप, तर तो बेशक जेपेग. विषय कावीचाच आहे, पण फोटोत छटा आहेत आणि आखलेल्या चित्रात काठ. निवड ह्यावर करायची. ‘देवळाची चित्रं पीएनजीत, माणसांची जेपेगमध्ये’ अशी विषयवार वाटणी केलेली फोल्डरं पाहिली आहेत. तिचा काही उपयोग नाही.

मधली प्रकरणंही येतात. आजीच्या हातची धालोच्या, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या, गाण्यांची वही स्कॅन केली आहे. पिवळा पडलेला कागद, तेलाचा डाग, शाईचा फराटा हे सगळं वाचकाला दिसायला हवं असेल तर जेपेग, वरच्या दर्जाचं. नुसतं अक्षर हवं असेल तर स्कॅन करडं करा, कागद पांढरा होईपर्यंत उजळवा आणि सोळा छटांचं पीएनजी करा. गाणी वाचली जावीत असं वाटत असेल तर मात्र ती टाइपच करा. चित्रातलं देवनागरी मोठं करता येत नाही, शोधता येत नाही, अंधाराच्या मोडमध्ये डोळ्यांवर येतं. तालुक्याचा नकाशा, वंशावळ, तक्त्याचा स्क्रीनशॉट हे पीएनजीचे धनी.

पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते, जेपेगची येत नाही. ऐकायला हे छान वाटतं आणि ई-पुस्तकात घात करतं. काळ्या रेघेचं पारदर्शक चित्र पांढऱ्या पानावर सुरेख दिसतं. वाचकाने रात्री पान काळं केलं की काही ॲपमध्ये काळ्यावर काळं होऊन चित्रच नाहीसं. खाली पांढरा रंग भरूनच सेव्ह करा.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती वाटेत. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा जेपेग म्हणून दाबला जातो. मूळ पीएनजी असलं तरी पलीकडे पोचतं ते जेपेग, धुळीसकट. ‘सर, तुम्ही पाठवलेलं चित्र फाटलंय’ म्हटलं की उत्तर येतं, ‘माझ्याकडे तर चांगलं दिसतंय!’ दिसणारच, मूळ त्यांच्याकडे आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसंच्या तसं जातं. वर्डही डॉक्युमेंट सेव्ह करताना चित्रं दाबतं. ॲडव्हान्स्ड पर्यायांत जाऊन ते बंद करता येतं.

बिघडलेलं जेपेग पीएनजीत बदललं म्हणून सुधारत नाही. पिठाचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, तसं गाळलेलं परत येत नाही. त्या धुळीची चोख नक्कल मात्र मोठ्या फाइलमध्ये मिळते. फाइलचं नाव बदलून जेपीजीच्या जागी पीएनजी लिहिणं तर त्याहून वाईट. आतला माल तोच राहतो आणि ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा प्रकार) तपासणारं सॉफ्टवेअर चूक दाखवतं. जेपेग उघडून, थोडं कापून, पुन्हा जेपेग करणंही टाळावं, कारण दर खेपेला नवं गाळणं होतं. मूळ फाइल वेगळी ठेवा, प्रत्येक बदल तिच्यावरून करा.

छापखान्याकडून परत मिळालेल्या जेपेगवर एक नजर टाका. ती पुष्कळदा छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, म्हणजे सीएमवायकेत असतात आणि पडद्यावर रंग भलतेच दिसू शकतात. पडद्याच्या रंगपद्धतीत, म्हणजे आरजीबीत, आणून मगच घाला.

मुखपृष्ठाला पीएनजीची निवडच नाही. केडीपी तिथे जेपेग किंवा टिफ (चित्राच्या फाइलचा आणखी एक प्रकार) घेतं, आकार २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद असा सुचवतं. पण मुखपृष्ठावर शीर्षक असतं, आणि लाल अक्षरं पांढऱ्यावर असतील तर कावीचं दुखणं इथेही. अशा वेळी दर्जा वर ठेवा, आणि सेव्ह करताना रंगाची माहिती कमी न करण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. गिंप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो ४:४:४ या आकड्यांनी लिहिलेला सापडतो. फाइल थोडी जड होईल, होऊ द्या.

वेबपी नावाचा तिसरा भिडू ईपबच्या २०२३ च्या ३.३ आवृत्तीत अधिकृत झाला आहे. जुन्या वाचकयंत्रांचा विचार करता तूर्त त्याच्या नादी लागू नये.

पुस्तक वर चढवण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये उघडा. ॲमेझॉनचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, टॅब्लेट, फोन आणि ई-रीडर असे तिन्ही अवतार दाखवतं. फोटो भराभर उलटले तरी चालतील, रेघांची चित्रं मात्र एकेक मोठी करून बघा, आणि वाचायच्या ॲपमध्ये एकदा पान काळं करूनही.