कर्ज-पुनर्रचनेची सवलत : २००८ ची मंदी आणि नंतरची बारा वर्षे

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा आपल्या बँकांकडे अमेरिकी गृहकर्जांवरचे रोखे जवळपास नव्हतेच. धक्का बसला तो रोख पैशाच्या टंचाईचा. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर घेऊन निघाले. ज्या कंपन्या परदेशात अल्पमुदतीचे कर्ज फिरवत होत्या, त्यांचे तिथले दरवाजे बंद झाले. मग त्यांनी मुंबईच्या बाजारात पैसा शोधला आणि म्युच्युअल फंडांच्या लिक्विड, म्हणजे केव्हाही पैसे काढता येणाऱ्या, योजनांतून स्वतःच्या रकमाही काढल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीच्या उसनवारीचा, म्हणजे कॉल मनीचा, दर २० टक्क्यांच्या आसपास गेला.

रिझर्व्ह बँकेने यावर वेगाने हालचाल केली. ऑक्टोबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा रोख हिस्सा, ९ वरून ५ टक्क्यांवर आला. एवढ्या एका कपातीने सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये बँकांच्या हाती मोकळे झाले. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो, ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच टक्क्यांवर उतरला. सरकारने डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत अशी तीन पॅकेजे दिली. त्यांत उत्पादन शुल्क आधी चार आणि मग आणखी दोन टक्क्यांनी घटले, सेवाकर १२ चा १० झाला. वित्तीय तूट २००७-०८ मधल्या जीडीपीच्या अडीच टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी सहाच्या घरात गेली. मात्र ही सगळी वाढ मंदीवरचा उपाय म्हणून मोजणे चूक आहे. शेतकरी कर्जमाफी फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पातली, सहाव्या वेतन आयोगाला मंजुरी ऑगस्टमधली. दोन्ही निर्णय संकटाच्या आधीचे आहेत. मागणी टिकवायला ते नेमके कामी आले, इतकेच.

तूट आणि व्याजदर यांवर भरपूर लिहिले गेले आहे. ज्या निर्णयाचे ओझे सर्वांत जास्त काळ वाहावे लागले, तो मात्र रिझर्व्ह बँकेच्या एका कोरड्या परिपत्रकात होता : पुनर्रचित, म्हणजे परतफेडीच्या अटी सैल केलेल्या, कर्जाला ‘स्टँडर्ड’, म्हणजे सुरळीत, म्हणत राहण्याची मुभा.

मूळ नियम साधा होता. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले की खाते एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचे कर्ज. आणि थकले नसले तरी, कर्जदाराच्या अडचणीमुळे बँकेने मुदत वाढवली किंवा व्याज घटवले, तर ते खाते सबस्टँडर्ड, म्हणजे एनपीएच्या पहिल्या पायरीवरचे, धरायचे. ऑगस्ट २००८ च्या सूचनांत याला अटींसह अपवाद होता : कर्जाला पूर्ण तारण हवे, परतफेड दहा वर्षांत (पायाभूत प्रकल्पांसाठी पंधरा), उद्योग सात वर्षांत स्वतःच्या पायावर उभा राहावा, बँक जेवढा तोटा सोसेल त्याच्या किमान १५ टक्के प्रवर्तकाने घालावेत, त्याची वैयक्तिक हमी असावी आणि पुनर्रचना पहिलीच असावी. व्यापारी बांधकामाला हा अपवाद लागू नव्हता.

डिसेंबर २००८ आणि जानेवारी २००९ मध्ये यातले दोन बांध मर्यादित काळापुरते काढले गेले. दुसऱ्यांदा होणारी पुनर्रचना चालेल, व्यापारी बांधकामही चालेल असे ठरले. १ सप्टेंबर २००८ ला स्टँडर्ड असलेले खाते मधल्या काळात एनपीए झाले, तरी ठरलेल्या मुदतीत पुनर्रचना केली की ते पुन्हा स्टँडर्ड धरता येणार होते.

बँकेला यात काय मिळत होते ते १०० कोटींच्या एका खात्यावर पाहा. स्टँडर्ड असताना तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम, ०.४० टक्के, म्हणजे ४० लाख. सबस्टँडर्ड झाले की त्या वेळच्या नियमाने किमान १० टक्के, म्हणजे १० कोटी, थेट नफ्यातून. शिवाय एनपीएवरचे व्याज हाती पडेपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही. पुनर्रचित स्टँडर्ड खात्यावर ते येणे म्हणून धरता येई. व्याज घटल्याने कर्जाचे आजचे मूल्य जेवढे कमी होई, तेवढी तरतूद वेगळी करावी लागे. पण हे मूल्य भविष्यातल्या रोख आवकेच्या अंदाजावर ठरते, आणि तो अंदाज कर्जदाराच्याच प्रकल्प अहवालातून येई.

निर्यात ऑर्डर थांबलेल्या पण मुळात धडधाकट कारखान्याला ही सवलत न्याय्य होती, हे मान्यच करायला हवे. चुकले ते पुढे. २००९ च्या सुरुवातीला दोन वर्षे हप्ते थांबवलेल्या कर्जांचे हप्ते २०११ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा महागाई रोखताना रेपो साडेआठ टक्क्यांपर्यंत चढला होता. वीज प्रकल्पांना कोळसा मिळेना, रस्त्यांची जमीन हाती येईना. संकटकाळची जादा मुभा संपली, तरी मूळ अपवाद तसाच राहिला आणि त्याचा वापर वाढतच गेला. मे २०१३ मध्ये तो १ एप्रिल २०१५ पासून बंद करण्याचे ठरले, म्हणजे जवळपास दोन वर्षांची पूर्वसूचना मिळाली. तोवर एकूण कर्जांपैकी सुमारे ६ टक्के कर्जे ‘पुनर्रचित स्टँडर्ड’ या खान्यात साठली होती.

२०१५ च्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेकडून खाती एकेक करून तपासली गेली आणि मार्च २०१८ ला ढोबळ (तरतुदी वजा न करता मोजलेले) एनपीए एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या पुढे गेले, सरकारी बँकांत साडेचौदाच्या आसपास. ही कर्जे त्या दोन वर्षांत बुडाली नव्हती, ती तेव्हा दिसू लागली. मधल्या काळात ५/२५, एसडीआर, एस४ए अशा, अडकलेली कर्जे सावरण्याच्या, योजना येऊन गेल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवलाची घोषणा झाली. १२ फेब्रुवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाने कर्जे सावरण्याच्या या साऱ्या योजना एका फटक्यात रद्द झाल्या. ते परिपत्रक एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही, आणि जूनमध्ये नवी, सौम्य चौकट आली.

ऑगस्ट २०२० मध्ये कोविडसाठी स्टँडर्ड दर्जा राखण्याची मुभा पुन्हा द्यावी लागली, तेव्हा कुंपण मात्र बारकाईने घातले होते. १ मार्च २०२० ला ३० दिवसांहून जास्त थकलेले खाते बाहेर. मुदतवाढ जास्तीत जास्त दोन वर्षे. तरतूद पहिल्याच दिवशी १० टक्के. आणि मोठ्या कर्जांसाठी २६ क्षेत्रांची आर्थिक गुणोत्तरे आधीच ठरवलेली, म्हणजे केवळ प्रवर्तकाच्या अंदाजावर भागणार नव्हते.