बर्लिनला नोकरी शोधायला जायचंय? चान्सेनकार्टेचे गुण, पैसे आणि कागदपत्रं

हातात ऑफर लेटर नसताना बर्लिनला जाऊन नोकरी शोधायची असेल, तर त्यासाठी चान्सेनकार्टे आहे. आपल्याकडे त्याला 'ऑपॉर्च्युनिटी कार्ड' म्हणतात. जर्मनीने ते १ जून २०२४ पासून सुरू केलं आणि त्यावर जास्तीत जास्त एक वर्ष राहता येतं. ही फक्त शोधायची परवानगी आहे. "कार्ड आलं की जॉब पक्का" असं एजंट म्हणाला, तर तिथून काढता पाय घ्या.

किमान अटी अशा: आपल्या देशात सरकारमान्य असलेली पदवी किंवा निदान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात). ज्यांच्या शिक्षणाला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळालेली आहे, त्यांना गुण मोजावे लागत नाहीत. बाकी सगळ्यांना किमान ६ गुण हवेत.

खरा घोळ इथेच होतो. समजा, पुण्यातला बी.कॉम. झालेला २९ वर्षांचा मुलगा आहे, अकाउंट्समध्ये तीन वर्षं नोकरी केलेला. वय ३५ च्या आत, २ गुण. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव, आणखी २. जर्मन ए-२ चा १. झाले पाच, एकाने हुकलं! तोच बी-१ पर्यंत शिकला, तर भाषेचे २ मिळून काम होतं. बी-२ ला तर ३ मिळतात. इंग्रजी सी-१ चाही १ गुण आहे. पण बर्लिनच्या स्टार्टअपबाहेर नोकरी शोधताना उपयोगी पडेल ती जर्मनच, म्हणून माझं मत बी-१ कडे. याशिवाय गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर अनुभवाचे २ ऐवजी ३, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रातलं शिक्षण असेल तर १ आणि पदवीला अंशतः मान्यता मिळाली असेल तर ४ गुण मिळतात.

पैशांचा पुरावा महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ (२०२५ चा दर, अर्ज करताना चालू आकडा पाहा). बहुतेक जण ते श्पेरकोंटो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात. दरमहा ठरलेलीच रक्कम हातात येते. जर्मनीत राहणाऱ्या कुणी रीतसर हमीपत्र दिलं तरी चालतं. बर्लिनमधलं खोलीभाडं पाहता एवढ्यात ओढाताण होणार हे धरून चाला.

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. फी ७५ युरो. पासपोर्ट, पदवी नि गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं, भाषेची प्रमाणपत्रं, सीव्ही, आरोग्य विमा आणि पैशांचा पुरावा तयार ठेवा. अनुभवपत्रात नोकरीच्या तारखा आणि कामाचं स्वरूप दोन्ही हवं. नुसतं "आमच्याकडे काम करत होते" याने गुण सिद्ध होत नाहीत. आपली पदवी जर्मनीतल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे सांगणारं झाब या जर्मन सरकारी संस्थेचं पत्र २०८ युरोंना मिळतं. ते इथूनच काढा, कारण ब्लू कार्डसाठी, म्हणजे नोकरी मिळालेल्या पदवीधरांच्या परवान्यासाठी, पदवी जर्मन पदवीच्या तोडीची ठरावी लागते. नोकरी मिळूनही परवाना अडकला, तर वर्षभराच्या धडपडीवर पाणी.

बर्लिनला पोहोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी सेवा कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. खोल्यांच्या जाहिरातींत "आनमेल्डुंग शक्य नाही" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे भाडं कितीही कमी असो, पुढे चला. नोंदणीशिवाय टॅक्स आयडी टपालाने घरी येत नाही. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून रोज सकाळी साइट उघडून पाहणं आलंच.

कार्डावर आठवड्याला एकूण २० तास अर्धवेळ काम करता येतं. कॅफे असो वा गोदाम. शिवाय एखाद्या कंपनीत जास्तीत जास्त दोन आठवडे 'ट्रायल' म्हणून काम करून पाहता येतं.

एक खुलासा: महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला तो बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी, ज्याची राजधानी श्टुटगार्ट. त्याचा या कार्डाशी संबंध नाही, बर्लिनशी तर नाहीच.

शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली की कार्डाची मुदत संपायच्या आत बर्लिनच्या लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंगमध्ये (परदेशी लोकांचे परवाने देणारं कार्यालय) ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराच्या परवान्यासाठी अर्ज करा. पक्की ऑफर आहे पण इतर कुठल्याच परवान्यात बसत नाही, अशा वेळी चान्सेनकार्टे आणखी दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतं.